हळद लाल झाली का?

प्रिय आई,

तुझा मोबाइल आम्ही अजून बंद केलेला नाही. काल दुपारी त्यावर सुरतच्या शेठचा फोन आला. तू गेल्याचं दादाने त्याला कळवलं होतं, तरी सवयीने त्याने तुझाच नंबर लावला. "बेन तो गई, अब मेरा रोबो कौन करेगा?" फोन माझ्या हातात होता. मी उत्तर देणार, तेवढ्यात मनीषा वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "सांगा त्यासले, मी करसू."

मी करसू. जणू प्रश्न तिलाच विचारला होता.

म्हणून हे पत्र. तू असताना हा विषय आपण दोघींनीही काढला नाही. आता तू मध्येच उठून चहा टाकायला जाऊ शकत नाहीस, म्हणून काढते.

इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर मी आहे. पुण्यात दिवसभर सर्किट बोर्ड तपासते, कुठे जोड सुटलाय ते शोधते. शाळेच्या प्रयोगशाळेत तू आयुष्यभर नोकरी केलीस, तिथे तुझ्याकडून पहिल्यांदा मीटर धरायला शिकले ती मी. मग तुझ्या टेबलाशी, तुझ्या शेजारच्या स्टुलावर, तळोद्याहून लग्न होऊन आलेली कॉमर्स झालेली मुलगी कशी बसली? हे तू कधी ठरवलंस? मला विचारावंसं वाटलं नाही?

तसा माझा मत्सर जुना आहे. वहिनी त्यात नंतर आली. आधी होते ते रोबोट.

पहिला रोबोट मामाने सुरतेच्या जुन्या बाजारातून आणला होता. पत्र्याचा, जपानी, छातीवर रंगवलेले काटे आणि डोळ्यांच्या जागी दोन दिवे. आत कुणीतरी सेल विसरले होते. सेल पाझरून पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या आणि स्प्रिंग हात लावताच तुटली. तू ती दुरुस्त केलीस आणि तो आपल्या ओसरीत हात हलवत चालला. ते ऐकून मामाच्या ओळखीचा हा शेठ, ज्याला असली जुनी खेळणी जमवायचा नाद, एसटीने डबे पाठवू लागला. शहाद्याच्या स्टँडवर सुरतची गाडी लागली की तू हजर. कंडक्टर लांबूनच ओरडायचा, "मास्तरीनबाई, तुमना पाव्हना उना."

पाहुणा! घरी आल्यावर त्याचं तसंच चालायचं. जुन्या मऊ साडीच्या तुकड्यावर त्याला निजवायचीस. पाठीचं झाकण उघडताना श्वास धरायचीस. माझी वेणी घालताना कधी इतका हलका हात लागला नाही.

आणि मग ती हळद. मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. तू ओली हळद बोटावर घेतलीस, रोबोटच्या पोटात टेकवलीस, आणि बघता बघता ती लाल झाली. मला वाटलं, तू त्याला हळद-कुंकू लावलंस. सणाला घरी आलेल्या बायकांना लावतेस तसं. मी कपाळ पुढे केलं. म्हटलं, "माले बी लाव."

तू हसून म्हणालीस, "तुले काय गंज लागना शे?"

त्याचं कारण सातवीत कळलं, तेही तुझ्याच प्रयोगशाळेत. अल्कली लागली की हळद लाल होते, आम्ल लागलं तर पिवळीच राहते. काही सेलमधून एक पाझरतं, काहींमधून दुसरं. लाल झाली तर लिंबू, पिवळी राहिली तर खायचा सोडा. उलट केलं तर मळ जात नाही, उरलेली पट्टीही हातची जाते. "आधी हळदीले इचार, मंग हात लाव," हा तुझा नियम. लोकांनी घाईने थेट लिंबू पिळून वाया घालवलेले किती रोबोट शेठ तुझ्याकडे पाठवायचा. तुझी पद्धत चोख होती. पण कपाळ पुढे करून उभी राहिलेली मी मात्र तशीच राहिले. तेव्हा लावलं असतंस एक बोट, तर काय बिघडलं असतं?

पुण्याला गेल्यावर मी रविवारी व्हिडिओ फोन करायचे. तू फोन इतका जवळ धरायचीस की नुसतं कपाळ दिसायचं. "सगळं बरं शे," म्हणायचीस, आणि माझं बोलणं अर्धं झालं की मान वळवायचीस.

"मनीषा, लाल झायी का?"

मागून वहिनीचा आवाज. "नई, आई. पिवळीच शे."

"नीट देख. कोपरामा?"

"कोपरामा जराशी लाल शे."

"मंग लिंबू काप."

मी पुण्यात खोलीत फोन धरून बसलेली, आणि तू तिची परीक्षा घेत असायचीस. शिकवताना तुझी पद्धत तशीच होती, उत्तर माहीत असून विचारायचं. मलाही असंच विचारायचीस, दिवा का लागला नाही, सांग. आता ते प्रश्न तिला जात होते. बरोबर उत्तरावर तू "हां" म्हणायचीस तेही तसंच. तीही तुला "आई" म्हणायची. लग्न होऊन आलेल्या मुलीने सासूला आई म्हणावं यात गैर काही नाही, हे मला कळतं. पण त्या "नई, आई"मध्ये एवढी सवय कुठून आली होती?

मी एकदा म्हटलं होतं, मला कॅमेऱ्यात दाखव, मी सांगते. तू म्हणालीस, "राहू दे वं, तुनं जेवन कर."

तर या वेळी मी ठरवून आले. तुझी हत्यारांची पेटी आणि टेबलावर राहिलेला शेठचा हिरवा रोबोट, दोन्ही पुण्याला न्यायचं. काल जेवताना दादाला सांगितलं.

"पुनाले लई जाईसन काय करशी?" दादा म्हणाला. "तठे तुले येळ शे का? आठे मनीषा करस ना."

"तिला सोल्डरिंग येतं का?"

"तुले येस ना? मंग दोन्ही जनी करा. माले जेऊ द्या."

वहिनीने माझ्या ताटात पोळी वाढली. मला ती नको होती.

आज सकाळी मी तुझ्या टेबलाशी उभी राहिले. माझ्या मीटरने मोटर तपासली, ठीक होती. दिव्यांच्या तारा ठीक होत्या. बिघाड फक्त सेलच्या खणात, खालची पट्टी पूर्ण खाल्लेली. बॅगेतून आम्ल-अल्कली तपासायच्या कागदी पट्ट्या काढल्या. मुद्दाम आणल्या होत्या. हळदीपेक्षा त्या अचूक, हे तूही मान्य केलं असतंस.

वहिनी वाटीत ओली हळद घेऊन आली आणि त्या स्टुलावर बसली. मी माझ्या कागदी पट्ट्या दाखवल्या. ती म्हणाली, "ते बी लावा ना, ताई. मी मन्हं करस." आणि काडीने हळद खणाच्या कोपऱ्यात टेकवली. ती वाकली. थोडा वेळ बघत राहिली. मग मोठ्याने, स्पष्ट, तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाली,

"लाल झायी. पुरी लाल. डाव्या कोपरामा जास्त."

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या उजवीकडे होते. मी विचारलं, "कोनले सांगस, वहिनी?"

ती चपापली. मग हसली. "सवय पडी गई, ताई. आईसले कोठे दिसे?"

"म्हंजे?"

"तुमले ठाऊक नई?"

मला ठाऊक नव्हतं, आई. साखरेने तुझ्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. आकार दिसायचे, अंदाजाने तू पेचकसाने स्क्रू काढायचीस, बोटांनी पट्टी चाचपायचीस. पण रंग जात चालले होते. लाल हळद आणि पिवळी हळद तुला एकसारखी दिसत होती. नंदुरबारला डॉक्टरकडे वहिनी नेत होती, डोळ्यांत थेंब ती घालत होती, आणि टेबलाशी ती बसली ती एवढ्यासाठी. तुझ्या प्रश्नांची उत्तरं तुला माहीत नव्हती. तू खरंच विचारत होतीस.

म्हणून फोन तोंडाजवळ. म्हणून नुसतं कपाळ. सदोष जोड शोधायचा मला पगार मिळतो, आणि इतक्या रविवारी समोर दिसत असलेला हा मला सापडला नाही.

"माले कसाले सांगं नई?" मी विचारलं.

"आईसनी सांगेल व्हतं, शितूले बोलू नको." वहिनी वाटीकडे बघत होती. "म्हने, तिले समजनं त ती मन्हा हातम्हाईन पेचकस काढी लेई."

खरं आहे. मी काढून घेतला असता. पुण्यात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं असतं, टेबल आवरलं असतं, सुरतचे डबे बंद केले असते, आणि सगळं तुझ्या भल्याचं म्हणून. वहिनीने पेचकस तुझ्या हातात ठेवला आणि रंग तेवढा सांगितला. पण आई, मला एकदा विचारून तरी बघायचं होतंस. मी "नाही काढून घेत" म्हणाले असते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तरीही विचारायचं होतंस.

आम्ही मग काम पुरं केलं. वहिनीने लिंबू पिळलं, फेस आला, तिने कापसाने पुसलं, पुन्हा हळद लावली. या वेळी पिवळी राहिली. माझ्या कागदी पट्टीनेही तेच सांगितलं. मी जुन्या स्विचमधली पितळी पट्टी कापून वाकवली आणि बसवली. सोल्डर करताना तिने तार धरली. हात तिचा हलत नाही, हे लिहून ठेवते. नवे सेल घातले. हिरवा रोबोट ओसरीत चालला, एक डोळा लागला, दुसरा लागला नाही. "एक डोयावर बी चालस," वहिनी म्हणाली, आणि मग काय बोलली ते कळून तिने जीभ चावली. तो भिंतीला जाऊन धडकला तेव्हा दादा आतून ओरडला, "उना का पाव्हना?"

माझा मत्सर गेला, असं समजू नकोस. तो फक्त जागा बदलून बसलाय. काल वाटत होतं, तुझी विद्या तिने नेली. विद्या तर माझ्याकडेही आहे. तिला मिळालं ते वेगळंच. तुझं न दिसणं तिच्या वाट्याला आलं, आणि माझ्या वाट्याला "सगळं बरं शे." मला ती वाटणी मान्य नाही. पण भांडू कोणाशी?

पेटी मी नेत नाही. ती तुझ्या टेबलावरच आहे, आणि स्टूल तिथेच, तिचं. तुझ्या खुर्चीत सध्या कोणी बसत नाही. मी आज कडेला उभी राहून काम केलं.

हे मात्र कबूल करते. दिवाळीत शेठचा पुढचा डबा येईल, तेव्हा मी रजा टाकून येईन. खुर्चीत बसेन. झाकण मी उघडेन, हळद ती लावेल. कागदी पट्ट्या पुण्यात ठेवून येईन. मला नीट दिसतं, लाल आणि पिवळं मला लांबूनही ओळखता येतं, तरी मी मान वळवून विचारेन, "वहिनी, लाल झायी का?" आणि ती सांगेल त्यावरच लिंबू कापेन.

तुझी,
शितू