कपाट उघडून बघणारा

३ मार्च

ती. आजीस, शि. सा. न.

तब्येतीचं विचारत नाही, विचारलं की चिडतेस. मी पसंत केलेल्या मुलाला, लग्नाला होकार द्यायच्या आधी, तुला तुझा तो लाडका, अंगावर काटा आणणारा सिनेमाच दाखवायचाय म्हणे! अगं, दातांचा डॉक्टर आहे तो, दिवसभर किंकाळ्या ऐकतो. सुटीला तरी विनोदी काहीतरी दाखव. आणि माझ्या छातीत मध्येच धडधड सुरू होऊन भीती दाटते, हे त्याला अजून ठाऊक नाही. आधीच्या मुलाला सांगितलं, तर मनाचे खेळ म्हणून तो निघूनच गेला. तू बोलू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी ठकी

१० मार्च

चि. ठकीस, आशीर्वाद फुकट मिळतात, घे.

दाखवला. तिकिटं तुझ्या दातवाल्याने काढली, खुर्च्या मी निवडल्या, त्याचं तोंड दिसेल अशा. सिनेमा मला पाठच आहे. भूत नाही, रक्त नाही. एक बाई, एक कपाट. आत कुणी श्वास घेतंय असं ती सांगत राहते आणि घरचे तिच्याशी गोड गोड बोलतात. त्या गोड बोलण्याचीच मला धडकी भरते. सिनेमावाल्याने शेवटपर्यंत कपाट उघडलं नाही, ही त्याची हुशारी. भुताचं काय, दिसलं की संपलं.

आजवर ज्याला नेलं त्याने बाहेर येऊन मला त्या बाईचा आजार समजावला. तुझे आजोबा तर तिला वेडी ठरवून मोकळे झाले, वर घरी येऊन पोटभर जेवले. हा मात्र मध्येच मोठ्यांदा ओरडला, की अरे, कुणीतरी ते कपाट उघडून बघा ना! पुढच्या रांगेतून शिव्या आल्या. मीही त्याला गप्प बसवलं, सिनेमा तो सिनेमा. पण मनातल्या मनात होकार तिथंच दिला.

दिसायला बेताचा आहे, चहा भुरके मारत पितो. चालेल. धडधडीचं मात्र तू सांगायचंस, मी तोंड उघडलेलं नाही. लपवून लग्न करणार असशील तर मला बोलावू नकोस. कळावे. लोभ आहेच, तो सांगून दाखवायची मला सवय नाही.

आजी

१४ मार्च

ती. आजीस, सा. न.

सांगितलं. त्याने समजावलं नाही, हसलाही नाही. एवढंच विचारलं, की तसं होतं तेव्हा कुणी जवळ बसलेलं बरं वाटतं की एकटं सोडलेलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचार करून सांगते म्हटलं, तर तो थांबलाय. तू थांबू नकोस, तारीख ठरव. लोभ असू दे, त्यातला थोडा आता त्याच्यावरही.

तुझी ठकी