लाभार्थी क्रमांक त्रेचाळीस यांस

धंतोली, नागपूर
सोमवार

तीर्थरूप कवडूमामाजींना विक्कीचा दंडवत, दोन्ही गुडघे टेकून (कागदावर दिसत नाही म्हणून सांगून ठेवतो). रुख्मिणीमामींचा खुबा आता कसा आहे? काठी सुटली का? हे विचारायचा मला काय हक्क, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. मार्चपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं वाचता (निळ्या खुणा मला दिसतात, मामाजी), पण उत्तर देत नाही. म्हणून हे पत्र, तेही पोस्टाने नाही, भिवापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस कंडक्टरने दिलेला कागद न वाचता फेकणार नाही, एवढ्याच भरवशावर लिहून राहिलो. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुम्हाला बेंगळुरूहून एका बाईचा फोन येईल. त्या फोनवर आमचा सगळा कार्यक्रम आणि माझी नोकरी टांगलेली आहे. काय बोलायचं ते शेवटी सांगतो, तोवर मधलं सोडू नका.

मी कुठे टिकत नाही हे तुमच्या घरच्या भिंतींनाही पाठ आहे. कळमन्यात संत्र्यांच्या पेट्या उचलल्या, लकडगंजात आरामशीनवर फळ्या रचल्या, सात महिने सुरतेला जाऊन आलो, मग पाठीवर मोठी पिशवी बांधून लोकांच्या बिर्याण्या पोचवल्या. (सुरतेला माझ्या खोलीत एक माणूस होता, तो दिवसभर फक्त साड्यांच्या घड्या घालायचा आणि झोपेत उशीच्या घालायचा. त्याची गोष्ट फार भारी आहे, पण राहू द्या.) एकदा इथल्या एका संस्थेत बिर्याणी द्यायला गेलो. खाली जिन्याशी सिरोंच्याहून आलेले दोघं म्हातारे सोनोग्राफी कुठे, म्हणून रडकुंडीला आले होते. त्यांना रस्ता सांगत बसलो आणि बिर्याणी थंड झाली. संस्थेच्या वेदिका मॅडम वरून हे ऐकत होत्या. मला वाटलं, आता तक्रार करतील. तर म्हणाल्या, तू कम्युनिटी मोबिलायझर आहेस. मी म्हटलं, नाही मॅडम, मी विक्की आहे. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

काम असं की धंतोलीत सगळ्या विदर्भातून पेशंट येतात. पेशंटला वर पलंग मिळतो, त्याच्यासोबत आलेल्याला खाली फूटपाथ. या खालच्यांसाठी काहीतरी करायचं, असं मॅडमच्या मनात होतं. मी सांगितलं, गरम पाणी, भात शिजवायला शेगडी, पिशव्या ठेवायला कोपरा, आणि कोणती लिफ्ट कुठे जाते ते सांगणारा एक माणूस. हे सांगायला मला एक मिनिट लागलं. त्याचा अर्ज करायला पाच महिने. अर्ज लिहिण्यासाठी सुमंत सर म्हणून खास माणूस आणला. सरांनी आयुष्यात शेकडो अर्ज लिहिलेत, पण दवाखान्याबाहेर बसून कोणाची वाट पाहिली असेल असं त्यांच्या पँटीच्या इस्त्रीवरून वाटत नाही. बेंगळुरूच्या फाउंडेशनचा फॉर्म एकतीस पानांचा. त्यात 'संभाव्य धोके' असा रकाना होता, त्यात मी पाऊस, कुत्रे आणि लिफ्टवाला असं लिहिलं, ते सरांनी खोडलं. 'अपेक्षित बदल' या रकान्यात मी लिहिलं, माणूस गरम पाणी पिईल. सरांनी केलं, प्रतिष्ठेच्या जाणिवेत चाळीस टक्के वाढ. चाळीसच का, विचारलं तर म्हणाले, पन्नास कोणी मानत नाही. आणि एक प्रश्न होता, अनुदान संपल्यावर उपक्रम कसा चालू राहील? मी म्हटलं, आत्ता चालू आहे तसाच. मी भर मीटिंगमध्ये ढेकर दिला असावा तसे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

खोटं नव्हतं बोललो. मोठ्या दवाखान्याच्या भिंतीला लागून भीमाबाई बसते. अकरा वर्षं झाली. दोन शेगड्या, एक पाण्याचा पितळी बंब, मागे गोणपाटाखाली लोकांच्या पिशव्या. लोक आपले तांदूळ आणतात, तिच्या शेगडीवर शिजवतात, जमेल ते हातावर ठेवतात, नाही जमलं तर बाई तोंडभर शिव्या देते आणि पाणी पण देते. कोणता डॉक्टर कोणत्या मजल्यावर बसतो आणि कोणता बसतो म्हणून सांगून बसत नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मला जे येतं ते तिच्याच बंबाशी चहा पीत पीत आलेलं. म्हणजे आमचा कार्यक्रम म्हणजे भीमाबाई, फक्त वर पत्रे आणि बाजूला बोर्ड. पण फॉर्मचा नववा प्रश्न असा की ही सेवा या भागात आधीपासून कोणी देत असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही. सर म्हणाले, तिची कुठे नोंदणी आहे? नाही. मग ती नाही. आणि 'सदर परिसरात अशी कोणतीही सोय उपलब्ध नाही' हे वाक्य मामाजी, मी टाईप केलं. या दोन बोटांनी.

मग पाहणीला बेंगळुरूच्या बाई येणार असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, त्या दिवसापुरतं भीमाबाईला जरा बाजूला व्हायला सांग. मी गेलो, खाली मान घालून सगळं सांगितलं. ती पातेलं घासत होती. म्हणाली, "काहून गा, मी नाही म्हून लिहिलं तं हे पाणी कोण तापवून राहिलं? भूत?" मी म्हटलं, एकच दिवस. "एक दिवस तं एक दिवस. पण बंब तू उचल, माही कंबर नाही चालत." मी उचलला, मागच्या गल्लीत नेऊन ठेवला.

पाहणीची बाई आली. फूटपाथ चकाचक रिकामा. कारण उघड आहे, पण आमच्या पाच महिन्यांच्या नियोजनात कोणाला सुचलं नाही की जिथे बंब तिथे माणसं. बाई म्हणाल्या, लाभार्थी किधर हैं? सुमंत सरांना घाम फुटला. तेवढ्यात वाऱ्यावर फोडणीचा वास आला आणि बाई वासामागे निघाल्या. गल्लीत चाळीसेक माणसं, मधोमध भीमाबाई, कोणाला तरी 'भात करपून राहिला, डोळे कुठं गेले तुहे' म्हणून झापत होती. मला वाटलं संपलं सगळं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण वेदिका मॅडमनी श्वासही न घेता सांगितलं, हा आमचा प्रायोगिक टप्पा आणि या आमच्या स्वयंसेविका. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी भीमाबाईसोबत फोटो काढला. भीमाबाईने फोटो काढू दिला आणि मग हळूच मला विचारलं, "मंग आता मी हाओ का नाही?"  याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा.

आता तुमचा विषय. चाळीस टक्के मोजायला मार्चमध्ये कॉलेजच्या मुलींकडून फूटपाथवर सर्वेक्षण करवलं होतं. ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. त्रेचाळिसावा फॉर्म: कवडू, वय सहासष्ट, भिवापूर, सोबत पत्नी, खुब्याचं ऑपरेशन, फूटपाथवर मुक्काम नऊ दिवस. नागपुरात नातेवाईक: कोणी नाही. खाली तुमची सही, तिकीट फाडल्यासारखी तिरपी.

तुमचे तिन्ही फोन मला आठवतात. तिन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होतो. पेशंटच्या नातेवाइकांचे हाल कसे कमी करावेत, हाच विषय होता. दोन दिवसांत येतो म्हणालो. नऊ झाले. तुम्ही जिथे बसला होतात तिथून आमचं ऑफिस पानठेल्याच्या पलीकडे आहे, मामाजी. चाललो असतो तर हातातली तंबाखूची खर्रा-पुडीसुद्धा संपली नसती.

सुमंत सरांना तुमचा फॉर्म फार आवडला. नऊ दिवस, म्हातारा, कोणी नाही. अर्जात पहिल्या पानावर चौकटीत घातला. मी त्यांना सांगितलं नाही की 'कोणी नाही' तो मीच.

बाकी ठीक. ऑफिसात एसी बसवला आहे. मामींना नमस्कार सांगा, सांगावासा वाटला तर.

तुमचा,
विक्की

ता. क. गुरुवारच्या फोनचं. पाहणीच्या त्याच बाई चौकटीतली गोष्ट खरी का, ते पडताळणार आहेत. हिंदीत विचारतील, नागपूर में आपका कोई है? फॉर्ममध्ये लिहिलं तेच सांगा, कोई नहीं. दुसरं काही बोललात तर चौकट खोटी, अर्ज खोटा, आणि मी परत बिर्याणीवर. तुम्ही आधीच लिहून दिलेलं आहे, फक्त एकदा तोंडाने म्हणायचं.

ता. क. २. भीमाबाईला अर्जात स्वयंसेविका केल्यामुळे तिला काही द्यायचं नाही असं ठरलं. छपराच्या पत्र्यांना मात्र मंजुरी मिळेल असं दिसतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवून स्टँडकडे निघालो होतो, वाटेत भीमाबाईकडे चहा घेतला, म्हणून फाडून पुन्हा लिहून राहिलो. कोणाला पत्र, तिने विचारलं. भिवापूरच्या मामाला, मी म्हटलं. तिने गोणपाट उचललं आणि एक स्टीलचा डबा काढला. "हे घे मंग. भिवापूरची खुब्यावाली बाई ठेवून गेली होती. म्हणे माहा भाचा इथंच मोठ्या हापिसात साहेब हाये, तो येईन घ्यायले. लाडू होते गा. आठ दिवस वाट पाहिली, मंग वाटून देल्ले. मले काय मालूम तो साहेब तूच हायेस!" झाकणावर कोरलंय, 'सौ. रुख्मिणीस देवकीकडून'. माझ्या आईने तुमच्या लग्नात दिलेला. म्हणजे तुम्ही खाली 'कोणी नाही' लिहून दिलंत आणि मामी घरी जाताना हे माझ्यासाठी ठेवून गेल्या.

डबा घासून पुसून ठेवला आहे. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने घेऊन येतो. अकराच्या आत तुमच्या अंगणात असेन. फोन वाजला की तुम्ही मला पाहून जे तोंडात येईल ते सांगा. मी डबा धरून बाहेरच उभा राहीन, मामींनी आत बोलावेपर्यंत.