वांग्याच्या सरीवरची लाल चिंधी

ती. मामा,

सुनेनं सासऱ्याला ‘प्रिय’ लिहिलं तर गावात काय म्हणतील, म्हणून तीर्थरूप लिहिलंय. मनात प्रियच आहे. तुम्हाला कागद वाचून दाखवायला मीच लागायची, तेव्हा आता तिकडं एखादा चष्मेवाला गाठा आणि त्याच्याकडून हे वाचून घ्या.

लिहायला बसले त्याला कारण आहे. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. परवा शोभा, तुमची धाकटी सून, शिरूरहून आली आणि आल्या आल्या पदर खोचून उद्याच्या स्वयंपाकाची यादी करायला बसली. पहिलंच नाव भरल्या वांग्याचं. मामांचा जीव की प्राण होता वांग्यावर, म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हे पण मान हलवत होते. मी बाजूला परात घासत होते. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. अख्ख्या घरात मला एकटीला माहीत होतं की वांगं बघितलं की तुमच्या पोटात गोळा यायचा. हे कुणाला सांगायचं नाही असं तुम्ही मला बजावलं होतं, आणि मी तुम्ही गेल्यावरही वर्षभर पाळलं.

काल मी ते सांगून टाकलं, मामा. त्याची माफी मागायची आहे.

तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं पोटात ठेवलंस आणि आताच काय झालं? सांगते. पण पहिल्यापासून सांगू द्या. तुमच्या बाजूनं तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, निदान माझ्या बाजूनं तरी सांगून होऊ दे.

आमच्या पाटसला सगळा ऊस. भाजी म्हणजे बाजारातून पिशवीत येते ती, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्याला आले, तर विहिरीमागं एक लहानसा वाफा दिसला. चार वांग्याची झाडं, दोन ओळी भेंडी, मूठभर मेथी. मेथीच्या पानांना भोकं, वांगं चिरलं की आत अळी. आणि पुढं वावरात तीच वांगी अशी चकचकीत, की तोंड बघून घ्यावं! मी ह्यांना विचारलं. हा घरचा वाफा, ह्याला औषध मारायचं नाही, ते पुढचं बाजारचं, असं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. गावात घरोघरी तसंच होतं. आजही आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग संध्याकाळी तुम्हाला भाकरी वाढताना माझ्या तोंडून निघून गेलं. “मामा, माझी आई पाटसच्या बाजारात वांगी घेती, ती आपलीच आसत्याल का वो?”

टोमणा नव्हता हो तो! तीन महिन्यांची नवी नवरी मी, मला कुठला टोमणा सुचतोय? मनात आलं ते बोलले. तुमचा हात ताटातच थांबला. अर्धी भाकरी तशीच ठेवून तुम्ही उठलात. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चुलीपुढं जाऊन रडत बसले. सासू म्हणजे आत्याबाई, त्या माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घरात डोळे पुसायलाही दुसरी बाई नव्हती. उद्या आपल्याला माहेरी धाडतात, असंच धरून चालले होते.

सकाळी उठले तर कुदळीचा आवाज. तुम्ही घरचा वाफा खणून सपाट केला होता. मेथी उपटून म्हशीपुढं टाकली होती. मला बघून एवढंच म्हणालात, “आजपास्नं एकच वावर. कॅरेटात जाईल त्येच ताटात येईल.”

आणि मग ती तुमची रीत सुरू झाली. तोडा झाला, प्लास्टिकची कॅरेट भरून रचली, की टेम्पोत चढवायच्या आधी तुम्ही कुठल्या तरी कॅरेटात न बघता हात घालायचे. हाताला लागेल ती भाजी माझ्याकडं. मी शिजवायची, तुम्ही पहिला घास घ्यायचा, मग टेम्पो हलायचा. तो बिचारा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा, शेवटी ओट्यावर चहा पीत बसायचा. गावानं तुम्हाला काय काय नावं ठेवली! आप्पाला येड लागलंय, वांग्याची परीक्षा घेतोय, म्हणायचे. धाकटे भावजी तर तोंडावर म्हणाले होते की, एका घासानं काय विष कळतं का?

त्यांना दिलेलं उत्तर मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. “पोटाला न्हाई कळत. हाताला कळतं. आपल्यालाच खायचंय म्हणल्यावर पंपात औषध वतताना हात आपसूक आखडतो.”

शाळेचं तोंड न बघितलेला माणूस हे बोलला! मी बारावी झालेली, मला नव्हतं सुचलं.

औषधाच्या डब्यातला तो घडीचा कागद तुम्ही मलाच वाचायला द्यायचे. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, दहा भाषा, त्यात मराठी शोधायची म्हणजे उन्हात जाऊन उभं राहायचं. फवाऱ्यानंतर किती दिवस तोडणी करायची नाही, तेवढं मी वाचायची. मग तुम्ही ट्रंकेतून आत्याबाईंचं जुनं लाल लुगडं काढायचे, त्याची एक चिंधी फाडायची आणि बाभळीच्या काठीला बांधून त्या सरीवर रोवायची. चिंधी आहे तोवर त्या सरीत तोडायला पाऊल टाकायचं नाही. तुझी आत्याबाई राखण बसलीय, असं मला म्हणायचे, आणि म्हणून झालं की उगीचच विहिरीकडं निघून जायचे. चिंधीच्या नादात किती तोडे जून होऊन वाया गेले! शेजारचे टेम्पो भरून जायचे आणि आपला रिकामा उभा. पण चिंधी कधी आधी काढली नाही.

माझं एक लबाडीचं प्रकरण तुम्ही शेवटपर्यंत झाकलंत, त्याचे आभार राहिलेत. मला गवार आवडत नाही. लहानपणापासून. तो कडवट वास आला की मला मळमळतं. म्हणून गवारीचा तोडा असला की मी उपास काढायची. कधी संकष्टी, कधी सोमवार, काही नाही जमलं तर गुरुवार. तुम्ही सगळं ओळखून होता. एकदा बुधवारी मी उपास म्हटल्यावर तुम्ही पंचांग मागितलंत, वाचता येत नसताना पानं उलटलीत आणि गंभीर तोंड करून म्हणालात की व्हय, आज गवार चतुर्थी हाय. मी पदर तोंडात कोंबला.

पण माझं गवारीचं तुम्ही ओळखलंत, तसं तुमचं वांग्याचं मीही ओळखलं. तोड्याच्या दिवशी वांगं ताटात आलं की तुम्ही मोठाली फोड करायचे, चावायचे नाही, पाण्याबरोबर गिळायचे, आणि मांडीखाली लपवलेला गुळाचा खडा हळूच तोंडात टाकायचे. चार-पाच तोडे मी नुसतं बघितलं. मग एकदा घरात कुणी नसताना विचारलंच. तुम्ही पोरासारखे लाजलात. नरड्याखाली उतरत न्हाई, म्हणालात. वांग्यावरून आईचा लय मार खाल्ला, तरी जमलं नाही.

मग खाता कशाला, मी म्हटलं. दुसरं कुणी खाईल.

“मालकानंच तोंड वाकडं केलं तर पोरं उद्या घरचा वाफा लावत्याल. कुनाला सांगू नगंस.”

बावीस वर्षं, मामा! आठवड्यातून दोनदा तोडा. आवडीचं तर कुणीही खाईल. मी एका गवारीसाठी देवाच्या नावानं खोटं बोलले.

आता एक भांडण उरकून घेते. लोकांच्या ताटाची एवढी काळजी करणारा माणूस आठवडी बाजारातनं ती लालभडक जिलेबी खिशातून आणायचा! तेल कसलं, रंग कसला, कशाचा पत्ता नाही, वर अंगात साखर. सदऱ्याच्या खिशाला तेलाचा डाग, आणि मी विचारलं की म्हणायचे इंजिनाचं तेल सांडलं. इंजिनाच्या तेलाला मुंग्या लागतात का हो? तेव्हा तुमचा कागद कुठं गेला होता?

आणि ज्याचा मला सगळ्यात पस्तावा आहे तेही ह्या जिलेबीचंच. शिरूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही मागितलीत. एकच, म्हणालात. मी साखरेचं कारण सांगितलं, डॉक्टरांचं नाव पुढं केलं आणि बिनमिठाचा दुध्या भरवला. तुम्ही मुकाट्यानं चार चमचे खाल्लेत आणि डोळे मिचकावून म्हणालात, “वांग्यापरीस बरं हाय.” मी हसले आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं लावून रडले. एका जिलेबीनं काय बिघडणार होतं? सगळं तर बिघडलेलंच होतं.

दहाव्याला नदीवर पानात भरलं वांगं ठेवलं होतं. कावळा शिवेना. ह्यांनी सांगितलं वावर विकणार नाही, भावजींनी सांगितलं आम्ही भाऊ एक राहू, तरी तो आपला झाडावर. शेवटी आला, भाताचा घास उचलला आणि वांग्याला चोचही न लावता गेला. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र ओळखलं की तुम्हीच होता.

तर आता कालचं. तुम्ही गेल्यावर पावसाळ्यात ह्यांनी विहिरीमागं परत वाफा केला. पोरांपुरता, म्हणाले. मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. आपल्या ऋतुजाच्या डब्यात त्या वाफ्यातली मेथी द्यायला लागले. तोड्याच्या दिवशी कॅरेटात हात घालायचंही हळूहळू थांबलं. ज्या बाईनं सासऱ्याला भरल्या ताटावरून उठवलं, तीच ही. चिंधी तेवढी राहिली होती.

ह्या बुधवारी वांग्याला फवारा मारला, मी कागद वाचला, पुढच्या बुधवारपर्यंत चिंधी. काल दिवेलागणीच्या आधी वावरात गेले तर काठी नुसतीच. चिंधी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर हात पुसायला टाकलेली. आत्याबाईंच्या लुगड्याला ग्रीस लागलं होतं.

घरी येऊन विचारलं. ह्यांनी जेवता जेवता सांगितलं की शंभर माणूस यायचंय, एवढी वांगी घरच्या वाफ्यात कुठं निघतात? पाव्हण्यांना वावरातली, घरच्यांना आणि भटजींना वाफ्यातली. दोन-चार दिवस आधी तोडली तर काय होतंय. आणि आप्पांच्या आवडीचं तर झालंच पाहिजे.

तुमच्या श्राद्धाला, मामा! तुमच्या नावानं शंभर माणसांच्या पानात ते वाढायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“आप्पांना वांगं आवडत नव्हतं,” मी म्हटलं. “एक दिवससुदिक न्हाई.”

शोभाची पेन्सिल थांबली. मग मी सगळंच सांगितलं. न चावता गिळणं सांगितलं, मांडीखालचा गूळ सांगितला, कुणाला सांगू नको म्हणालात तेही सांगितलं. ह्यांनी एकदाच विचारलं की मग दर तोड्याला पहिला घास? मी म्हटलं, तुम्ही वाफा लावू नये म्हणून. त्यांचा हात ताटात थांबला. अर्धी भाकरी ठेवून उठले आणि बाहेर गेले. बापलेकांची उठायची तऱ्हासुद्धा एकच.

आज सकाळी मी अंथरुणातच कान देऊन होते. कुदळीचा आवाज काही आला नाही. मनात म्हटलं, बोलायला नको होतं, गुपितही गेलं आणि माणूसही दुखावला. चहा टाकत होते तर हे दारात उभे. डोळे लाल. हातात डब्यातला तो घडीचा कागद. माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, “वाच. किती दिवस म्हणलंय?”

ह्यांना वाचता येतं, मामा. तरी मी उन्हात गेले आणि मोठ्यानं वाचलं. त्यांनी चिंधी साबणानं धुऊन काठीला बांधून आणली होती. ती घेऊन ते वावरात गेले.

घरचा वाफा अजून तिथंच आहे. तो ह्यांनी खणावा म्हणून मी थांबणार नाही. त्यातली मेथी माझ्याच लेकीच्या डब्यात गेली, तेव्हा कुदळही मीच उचलते. हे पत्र संपवलं की जाते.

वांगी रद्द झाली. शोभानं यादीवर काट मारली. जिच्यावर चिंधी नाही अशी वावरात सध्या एकच भाजी आहे. कोणती, ते तुम्ही ओळखलं असणार. हसा खुशाल! वर भटजी म्हणाले, श्राद्धाला गवार लागतेच. तुम्हीच त्यांच्या कानात सांगितलं असणार.

तुमच्या पानात उद्या जिलेबी असेल. बाजारातली, तीच लालभडक. शोभा आता तीच आणायला गेलीय. साखरेचं कुणी नाव काढणार नाही.

आणि माझा शब्द घ्या. उद्या पाव्हणे बसायच्या आधी, आणि ह्यापुढं प्रत्येक तोड्याला टेम्पो हलायच्या आधी, कॅरेटात न बघता हात घालीन आणि पहिला घास मी घेईन. चतुर्थी नाही, सोमवार नाही. तोंड वाकडं करणार नाही. पाण्याचा तांब्या आणि मांडीखाली गुळाचा खडा तेवढा ठेवीन. तेवढी सवलत तुम्हालाही होती.

तुमची उपासवाली सूनबाई,
सुनंदा