मजकूर विभागाची प्रमुख

दि. ४ जून

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द सवयीने लिहिलेत, आतून आलेले नाहीत.

फोनच करणार होते. पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, मी ओरडत सुटते आणि शेजारच्यांची करमणूक होते. कागद तुला वाचावा तरी लागेल. तर वाच.

काल दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. माहिती-कक्षातली ती जागा, जिच्यासाठी मी अर्ज खोडून खोडून लिहिला होता. मुलाखत आधीच झाली होती आणि छान झाली होती. तेव्हा मी सरळ सांगितलं होतं की सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून नोकरी सोडली, त्या गेल्या त्याला वर्ष होईल, मधली दहा वर्षं मी घरी होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पेशंटच्या माणसाला काय विचारायचं असतं आणि तो काय विचारायला घाबरतो, हे मी त्या दहा वर्षांत शिकले, असंही म्हणाले. भरतीच्या मॅडमना ते आवडलेलं दिसलं. वाटलं, काल नेमणुकीचं पत्र हातात पडणार.

मॅडमनी मला बसवलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. पडद्यावर मीच! तुझ्या वेबसाइटवर, 'आमची माणसं' या पानावर. मावसभावाच्या लग्नातला फोटो, असा कापलेला की मावशीचा अर्धा हात अजून माझ्या खांद्यावर आहे. खाली लिहिलंय, प्रमुख, मजकूर विभाग, गेली दहा वर्षं. मॅडमनी शांतपणे विचारलं की दहा वर्षं घरी होती ती कुणी दुसरी होती का. खोटं बोलून लोक पकडले जातात. खरं बोलून पकडली गेलेली मी पहिलीच असेन.

पंधरा तारखेनंतरच्या आठवड्यात लेखी खुलासा मागितला आहे. तो पटला तर नोकरी, नाहीतर नाही.

तुझे भावोजी 'कायदेशीर सल्लागार' आहेत हेही तिथेच कळलं. घरभाड्याचा करार वाचताना त्या माणसाला घाम फुटतो. आई 'ग्राहक सेवा'. अरे, तू एकटा जीव, आईच्या मागच्या खोलीत बनियनवर बसून लोकांच्या वेबसाइट बनवतोस आणि पानभर आम्ही, आम्ही, आम्ही. कोण रे हे आम्ही? सुट्टीच्या दिवशी सायकल काढून दुकानांच्या गमतीदार पाट्यांचे फोटो गोळा करतोस, ते ठीक आहे. माझी पाटी रंगवायला तुला कुणी सांगितलं होतं?

ताबडतोब कळव. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझी,
ताई

दि. ७ जून

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र कान धरूनच वाचलं, हवं तर आईला विचार. चुकलो. शंभर वेळा चुकलो.

पण माझी बाजू थोडी ऐक. गिऱ्हाईक फोन करतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं की तुम्ही किती जण आहात. एकटा म्हटलं की समोरचा आवाज पडतो. एकाने तर विचारलं की उद्या तुम्ही गचकलात तर आमच्या साइटचं काय. तेव्हापासून मी 'आम्ही' झालो. आमच्या धंद्यात एकटा बसणारा प्रत्येक जण आम्हीच असतो. फोटो घरचे लावले, कारण विकतचे हसरे चेहरे लावावेत तर तेच चेहरे कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या साइटवरही हसत असतात.

असो. तुझं पत्र हातात पडल्या पडल्या अख्खं पान उडवून टाकलं. आता कुणी कितीही शोधलं तरी तुझी नावनिशाणी सापडायची नाही.

आणि खरं सांगू का, यात तोटा कसला? मॅडमना सांगून टाक की हो, भावाकडे काम करत होते. दहा वर्षं घरी होते म्हणण्यापेक्षा दहा वर्षांचा अनुभव आहे हे कधीही बरं दिसतं. तसं पत्र देतो, शिक्क्यासकट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं समज.

बाकी ठीक. परवा एका किल्लीवाल्याची पाटी मिळाली, 'किल्ली हरवली? आत या', आणि दाराला हे भलंमोठं कुलूप! फोटो सोबत आहे. आईचे गुडघे जेमतेम. भावोजींना नमस्कार, पदावरून कमी केल्याचं त्यांना जरा सांभाळून सांग.

लोभ पातळ झाला असेल, पार आटू देऊ नये ही विनंती.

तुझा,
टिल्लू

दि. १० जून

टिल्लू,

आशीर्वाद नाहीत.

तू पान उडवलंस. लावताना मला विचारलं नव्हतंस, काढतानाही विचारलं नाहीस. काल मॅडमचा फोन आला. त्यांनी त्या पानाची प्रत आधीच काढून ठेवली होती. पुन्हा बघायला गेल्या तर पान गायब. त्यांनी विचारलं की आम्ही चौकशी केल्यावरच ते कसं नाहीसं झालं. काय सांगू मी? माझा भाऊ फार हुशार आहे म्हणून? आधी नुसती खोटारडी होते, आता पुरावा पुसणारीही झाले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत केलीस.

पण तळपायाची आग मस्तकाला गेली ती पुढच्या ओळीने. दहा वर्षं घरी म्हणण्यापेक्षा अनुभव बरा दिसतो. हे तू लिहितोस? तू माझं घर पाहिलंयस. सासूबाईंना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, मी एकटी वळवायची. त्यांची वाचा गेल्यावर त्यांना पाणी हवंय की खिडकी लावून हवी आहे, हे भुवईवरून ओळखायची. त्या चिडून ताटली ढकलायच्या, मी जमीन पुसून पुन्हा भरवायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. हा माझा अनुभव. तो मी त्या टेबलासमोर मान वर करून सांगितला होता. तू म्हणतोस तो झाकून टाक, वर मी शिक्का मारून देतो.

दहा वर्षं लोक मला विचारत आले की तुम्ही घरीच असता का. त्या लोकांत तू आहेस हे मला माहीत नव्हतं.

किल्लीवाल्याचा फोटो पाहून हसू आलं, त्याचाही राग आला. उत्तर लिहिलंस तर विनोद करू नकोस.

ताई

दि. १२ जून

ती. ताईस,

नमस्कार. विनोद करणार नाही.

पान उडवलं हा मूर्खपणा झाला. आमच्या कामात चूक दिसली की आधी पुसायची, मग विचार करायचा, अशी हाताला सवय लागते. आणि त्या शिक्क्याच्या ओळीबद्दल तू समोर असतीस तर मला थोबाडीत द्यायला हवी होतीस.

पण आता माझाही राग ऐक. मजकूर विभागाची प्रमुख हे खोटं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची साइट आठव. मी तुला सहज बघायला पाठवली होती. तू ती सासूबाईंच्या उशाशी उघडलीस आणि कळवलंस की त्यांना एक अक्षर दिसत नाही, ज्याला दिसतं तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईल कशाला. मी अक्षरं मोठी केली. मग तू विचारलंस की 'भेटीची विनंती सादर करा' म्हणजे काय, राजाच्या दरबारात जायचंय का, नुसतं 'वेळ ठरवा' लिही. तसं लिहिलं. तेव्हापासून माझी प्रत्येक साइट आधी तुमच्या त्या खोलीत आली. सासूबाईंना कळली तर पास, नाही तर नापास. त्यांचं बोलणं गेल्यावरही तू भुवईवरून निकाल कळवायचीस. आज लोक माझ्याकडे येतात ते याच्यासाठीच, की मी केलेलं म्हाताऱ्या माणसाला वाचता येतं. त्यात माझं कसब थोडं आणि तुम्हा दोघींचं जास्त. त्या पानावर बाकी सगळ्या थापा होत्या, तुझी ओळ तेवढी खरी होती. तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही म्हणून तिथे लिहिली.

आणि तू? मावशीकडे तुला कुणीतरी विचारलं की भाऊ काय करतो. मी शेजारच्या खोलीत होतो. तू म्हणालीस, घरीच असतो, कॉम्प्युटरवर काहीतरी खुटखुट करतो. या खुटखुटीवर माझं आणि आईचं घर चालतं, ताई. घरीच असता का हे तुला लागतं, मग मला लागत नसेल?

ती नोकरी मिळाली नाही तर माझ्याकडे ये. पानावर नको, खरीच ये. खिडकीजवळचं टेबल रिकामं करून देतो.

रागासकट का होईना, लोभ असू दे.

टिल्लू

दि. १४ जून

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही एकमेकांना काय लिहिता ते मी वाचलेलं नाही, त्याचं टेबल पुसताना डोळ्यांखालून गेलं तेवढंच. दोघंही बरोबर आहात आणि दोघांचीही जीभ वडिलांवर गेली आहे.

मला ग्राहक सेवा म्हटलं त्याचं मला काही वाटत नाही. तो अंघोळीला गेला की फोन मीच उचलते आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणते. फोटो मात्र चांगला लावायला हवा होता.

कालपासून तो घुम्यासारखा बसला आहे. आज म्हणाला की दवाखान्यात मीच जातो आणि सगळं समजावून सांगतो. मी म्हटलं, पाय तोडीन, आधी तिला विचार. तो विचारायला धजत नाही म्हणून मी विचारते. जाऊ दे का नको, एका शब्दाने कळव. पाण्यात काठी मारून पाणी तुटत नाही, हे तुम्हा दोघांना मी काय सांगायचं.

जावईबापूंना आशीर्वाद. माझ्यावर तरी लोभ असू दे.

आई

दि. १९ जून

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. या वेळी आतून, पण थोडेच.

तू गेला नाहीस हे बरं केलंस. मी एकटी गेले आणि खुलासा लिहून दिला. लिहिलं की दहा वर्षं मी घरी होते आणि सासूबाईंचं सगळं करत होते. त्याच दहा वर्षांत त्यांच्या उशाशी बसून भावाचं काम तपासत होते. ते काम आहे असं त्याने मला कधी सांगितलं नाही आणि मलाही ते कधी काम वाटलं नाही. फोटो मला न विचारता लावला आणि न विचारता काढला.

मॅडमनी सावकाश वाचलं. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या की मला पटतंय, पण वरच्यांना मी काय कळवू? तुम्ही दहा वर्षं काय केलंत हे तुमच्या घरातच अजून ठरलेलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली.

जिना उतरताना त्यांना काहीतरी खरमरीत सुनवायचं सुचेल म्हणून थांबले. काही सुचलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. मावशीकडचं तू लिहिलंस ते वाचून तोंड कडू झालं. परत तसं म्हणणार नाही.

आता टेबलाचं. मी येणार नाही. काम मला जमेल, हे तूच पटवून दिलंस. पण तू मला घेशील ते मी ताई आहे म्हणून. सासरी सून म्हणून राबले, तुझ्याकडे बहीण म्हणून, आईकडे लेक म्हणून. कुणी मला कधी निवडलं नाही, मी होतेच. एकदा तरी मला अशा माणसाने घ्यावं ज्याला मी कुणाची कोण हे माहीत नाही. मुलाखतीच्या दिवशी तसं झालं होतं, टिल्लू. मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना फक्त मी दिसत होते. नोकरी काय, दुसरी मिळेल. तू ते बघणं घालवलंस. त्याचा राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही.

दुसऱ्या एका दवाखान्यात जागा निघाली आहे. अर्ज आजच टाकला. या वेळी सासूबाईही लिहिल्या आहेत आणि तुझं कामही लिहिलंय, एकाखाली एक. चौकशीसाठी नाव आणि नंबर तुझा दिलाय, कारण ते काम पाहिलेला दुसरा कुणी जिवंत नाही. फोन आला तर आईला उचलू देऊ नकोस. एकटाच काम करतोस हे सांग. मी काय करायचे ते सांग, डोळ्यांच्या डॉक्टरांपासून. मी तुझी बहीण लागते हे मात्र त्यांनी विचारलं तरच सांग.

लोभ आहे, पण तूर्तास मागू नकोस.

ताई