आईच्या टेपबद्दल, आणि मग बाकीच्या मालमत्तेबद्दल

मेलेल्या बाईचा गळा दुरुस्त करायचा अधिकार माझ्या धाकट्या भावाला कोणी दिला, हे मला अजून कळलेलं नाही. आईच्या गाण्याची एकुलती एक टेप माझ्याकडून नेली, आपल्या स्टुडिओत यंत्रात घातली, श्वास कापले, सूर सरळ केले आणि ते गाणं इंटरनेटवर आईच्या नावाने जगभर सोडून दिलं. टेप परत देताना वर म्हणतो, "ताई, आता कुठे ती ऐकण्यासारखी झाली."

म्हणून हे मृत्युपत्र. मी, वय चोपन्न, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी, दुखणं पोटाचं आणि बरं न होणारं. डोकं शाबूत आहे. कोणी हात धरून लिहून घेत नाही, घेऊन बघावं.

१. राहतं घर, दोन खोल्या, भाचीला. तिचा बाप म्हणून भावाचा त्यात हक्क राहणार नाही. भाची गाण्याच्या स्पर्धांत जाते. मागे म्हणाली, "आत्या, राग नको मानू, पण आजी आज पहिल्या फेरीतच घरी आली असती." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग वाटलं, पोरगी खरं बोलते. आई माइकशिवाय गायची, नाट्यगृहात शेवटच्या बाकावर दिवसभर राबून येऊन बसलेल्यांसाठी. आज गाणं थेट कानात घालून ऐकतात, तिथे ती ओरडल्यासारखी वाटणार. शिवाय एकाच ओळीवर रेंगाळायची. तेवढ्यात लोक पुढचं गाणं लावतात. आई आज चालली नसती. पोरगी हे तोंडावर बोलली, म्हणून घर तिला.

२. बँकेतलं माझ्या शेवटच्या खर्चाला. उरलं तर शेजारच्या नर्सबाईंना. नको म्हणतील, तरी द्यावं.

३. शिलाई मशीन माझ्या हाताखालच्या बाईला. कात्री देऊ नये. ती बाई कापडाच्या कात्रीने कागद कापते.

४. नाट्यगृहाच्या मालकाने आईचा फोटो उतरवून त्या जागी थंड बाटल्यांचं कपाट ठेवलं. त्याला काही नाही. मी गेल्याचंही कळवू नये.

५. मूळ टेप. इथे भावाशीच बोलते. तुला सांगायचं नाही असं आईने बजावलं होतं, पण आता ती नाही आणि मीही चालले. टेप झाली तेव्हा मी नऊ वर्षांची, त्याच खोलीत स्टुलावर. आवाज येतो म्हणून पंखा बंद. आईला आठवा महिना. तिसऱ्या कडव्यात तिचा श्वास तुटतो आणि बारीकसं हसू येतं, ते गळा कमी पडला म्हणून नाही. तू आतून लाथ मारलीस. वाजवणारे चुकले, तिने हातानेच 'चालू द्या' केलं. तुझ्या वेळच्या बाळंतपणात ती खंगली, आवाज गेला तो परत आलाच नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आला गाण्याचा." त्यावरून तू धरून बसलास, की आईत दम नव्हता. हे तुला बोल लावायला लिहीत नाही. थोडं लावायलाही लिहिते आहे.

ते हसू तू खरखर समजून काढून टाकलंस.

आज ती नंबरात आली नसती, तर न येवो. तेव्हा आली होती. मी जन्मभर लोकांच्या मापाने कापते आहे, पण आईला कापायला दिली नव्हती.

दुरुस्त केलेलं गाणं सगळीकडून काढलं, तर टेप भावाची. नाहीतर ती माझ्याबरोबर जाळावी. कोणाला ऐकवू नये.

वरचं मी स्वतः लिहिलं, वाचलं, कबूल आहे. खालची सही माझी.

साक्षीदार : वाद्यं दुरुस्त करणारे काका (त्या टेपवर आईला साथ यांचीच); समोरचे चष्मेवाले.

ठिकाण : घराची मागची खोली, खाटेवर. तारीख : ९ जुलै, मंगळवार.

भावाला : याची नक्कल आजच तुझ्या हातात पाठवते, मी गेल्यावर वाचत बसायला नको. फोन करू नकोस. रविवारी संध्याकाळपर्यंत समोर येऊन सांग, काढतोस की नाही?