एक क्विंटल गृहपाठ

चौसाळा, रविवार दुपार

ती. सौ. अक्कांना, धाकट्या भावजयीचा मनापासून शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितल्याचं कळलं, आणि तुमचं घर तर लातुरात माडीवर. इकडे आईंची साखर ताब्यात आहे, आई नाहीत (हे त्यांना फोनवर सांगू नका).

ईश्वरीला पहिलीत जाऊनही वीसपर्यंत मोजता येत नाही हे ऐकून तुम्ही तिला तुमच्याकडे शिकायला ठेवून घ्यायची तयारी दाखवलीत. तुमच्या भावाने ते मनावर घेतलं. दिवाळीपर्यंत पोर वीस म्हणाली नाही तर दिवाळीनंतर लातूर, असं ठरवून ते मोकळे झाले. मी तिच्या फ्रॉकच्या घड्या तेवढ्या दोनदा घातल्या आणि दोनदा मोडल्या.

अशात शाळेतल्या मोहिनी मॅडमचा मोबाइलवर निरोप आला, की पाढे घोकून घेऊ नका, मुलांना हातांनी खेळत शिकू द्या. चार कडधान्यं मूठ मूठ एकत्र करा, मूल निवडेल, निवडता निवडता मोजेल. आता मूठ म्हणजे मूठ. पण तुमचा भाऊ पडला दुकानदार. पोरीच्या शिक्षणात मूठ काय करायची, म्हणाले, आणि मूग, मटकी, मसूर, हरभरा, प्रत्येकी अर्धं पोतं, म्हणजे पंचवीस किलो, मागच्या अंगणात ताडपत्रीवर ओतून फावड्याने कालवलं. बरोबर एक क्विंटल गृहपाठ झाला.

ईश्वरी ढिगात जाऊन बसली, पाय मांडीपर्यंत पुरून घेतले, आणि खूश झाली. निवडायचं तिच्या मनातही आलं नाही. निवडायला बसलो आम्ही. आई आधी म्हणाल्या, आमी काय असं खेळून शिकलो का. मग सूप घेऊन अशा बसल्या की जेवायला उठेनात (मसुरात मटकी टाकली म्हणून पोटच्या मुलाला त्यांनी तीनदा झापलं). दुकानात जो मसूर मागेल त्याला मागे पाठवायचं, आपला आपण निवडून घ्या म्हणून. शेजारच्या सुभद्राबाई पावशेर मसुरासाठी दीड तास बसल्या, तुमच्यासकट सगळ्यांची चौकशी केली आणि मसूर विसरून घरी गेल्या.

तेवढ्यात मेंढपाळ मुंजाजी शेळ्या घेऊन खडेमीठ न्यायला आला. तो पुढच्या दारात, शेळ्या मागच्या दाराने आत. आम्हाला अर्ध्या दिवसात जमलं नव्हतं ते त्यांनी पाच मिनिटांत केलं, नेमका हरभरा वेगळा केला. आईंनी सूप फेकलं, यांनी फावडं उगारलं, शेळ्या बोळात पळाल्या. मुंजाजीने बोळात मोजल्या आणि त्याचा चेहरा उतरला. बावीसच हाईत, म्हणाला, कबरी कुटं गेली? समद्या गेल्या, असं हे शपथेवर सांगू लागले. दोघांचे आवाज चढले, तशी ढिगातून, मान वर न करता, ईश्वरी म्हणाली,

"तेवीस आलत्या. बावीस गेल्या. कबरी न्हाणीत हाय, साबण खायली."

कबरी खरंच न्हाणीत होती. यांनी खाली बसून विचारलं, मग बाई इचारत्यात तवा कावून मोजत न्हाईस?

"बाईंना येतंय की. मुंजाजीमामाला येत नव्हतं."

(मुंजाजी अजून रुसलेला आहे. मीठसुद्धा दुसऱ्या दुकानातून नेतो.)

मी मनात म्हटलं, सुटले. पण अक्का, कालपासून तुमचा भाऊ म्हणतो, एवढी हुशार पोर चौसाळ्यात कावून ठेवायची, लातूरलाच पाठवू.

असो. गुडघ्याला शेक घ्या, भाऊजींना आमची आठवण सांगा.

तुमची,
शिवांजली

ता. क. उद्या यांचा फोन येईल. त्यांनी विचारण्याआधीच सांगा, की गुडघा लई दुखतो, पोरीला शाळेत न्यायला जिना कोण उतरणार. खोटं नाही ते, फक्त जरा कण्हून सांगा.

ता. क. २ सोबत बसने पाच किलो मिसळीचं कडधान्य पाठवते आहे. उसळ छान होते. आम्ही चौथ्या दिवशीही तीच खातो आहोत.

ता. क. ३ मी पुटपुटत लिहीत होते, ते ईश्वरीने माझ्या खांद्याशी उभं राहून ऐकलं. म्हणते, आत्याच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या हाईत, गुडघा दुखत असंल तर मी जाऊन ऱ्हाते, हात धरते. लगेच पिशवीही भरली, सहा फ्रॉक. मी गुपचूप दोन काढून घेतले, तर दारातूनच म्हणाली, आई, चारच हाईत.