मे महिन्यातला स्वेटर

ती. विजूताईस,
प्रयोगशाळेच्या थंड खोलीतून उल्हासचा स्वेटरसकट नमस्कार.

मे महिन्यात दिल्लीला स्वेटर पाठवणारी तू एकटीच. माझी सहकारी समता म्हणाली, "सर, ताईंचं दिल्लीशी भांडण आहे का?" पण उकाड्यात प्रथिनं नासतात, म्हणून ती वेगळी करायची ही खोली फ्रीजसारखी गार असते. हवं ते प्रथिन काल अखेर निर्भेळ निघालं. "त्याला संस्कृतचा पंतोजी करू नका, शास्त्र शिकू द्या," म्हणून तू अण्णांशी भांडलीस, त्याचं हे फळ.

फक्त डावी बाही उजवीहून वीतभर लांब आहे. तुझ्या विणकामात असं कधी झालं नव्हतं. डोळे दाखवलेस का? बाही मी दुमडीन, तू डोळ्यांचं टाळू नकोस. रविवारी नाशिकला येतो, डॉक्टरांकडे बरोबर जाऊ.

तुझा, डावीकडून आजानुबाहू,
उल्हास